बागेतले प्रश्न : फुललेला वाफा माळी का उपटतात?

या वेळच्या पत्रांमध्ये सार्वजनिक बागांबद्दलच्या तक्रारी जास्त आणि प्रश्न कमी असं झालंय. काही हरकत नाही, तक्रारीच्या पोटात बहुतेक वेळा एक चांगला प्रश्न असतोच, तोच धरून उत्तरं देतो.

प्रश्न : जवळच्या बागेत झेंडू आणि पिटुनियाचा अख्खा वाफा एका सकाळी उपटून टाकला. फुलं अजून मस्त होती हो! ही उधळपट्टी नाही का?

दिसायला तशीच दिसते. पण हंगामी फुलझाडांचं वेळापत्रक वाफ्यात नाही, मागच्या रोपवाटिकेत ठरतं. झेंडूला बी पेरल्यापासून फूल यायला साधारण दोन महिने लागतात, पिटुनिया आणि पॅन्झीला अडीच-तीन. म्हणजे तुम्ही जुन्या वाफ्याचे फोटो काढत होतात तेव्हा पुढच्या हंगामाची रोपं ट्रेमध्ये उगवून आलेली होती. आता जुनी झाडं पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं म्हटलं तर ट्रेमधली रोपं थांबत नाहीत ना, त्यांची मुळं छोट्याशा कप्प्यात गोल गोल गुंडाळून बसतात, शेंडे लांबुडके होतात आणि अशी रोपं नंतर कितीही चांगल्या जमिनीत लावली तरी जोम धरायला वेळ घेतात. शिवाय वाफा रिकामा झाल्यावर माती खणायची, कंपोस्ट मिसळायचं, थोडे दिवस माती तशीच ठेवायची हे सगळं मध्ये असतंच. म्हणून माळी बहर उतरायला लागण्याच्या जरा आधीच हात घालतात.

तरी तुमची तक्रार अर्धी बरोबर आहे असं माझं मत. वर्षातून तीन-चार वेळा अख्खे वाफे बदलायचे म्हणजे पाणी, माती, माणसांची मेहनत सगळंच भरपूर जातं, आणि काही वाफ्यांमध्ये बहुवर्षायू (अनेक वर्षं टिकणारी) झाडं लावून टाकली, वाळलेली बोंडं पक्ष्यांसाठी तशीच ठेवली तर बाग काही कुरूप होत नाही. पण हे बागेला सांगायचं असेल तर "का उपटलं" असं विचारू नका, "उपटलेली झाडं कुठे जातात" असं विचारा. कंपोस्टच्या ढिगात जात असतील तर बरं, कचऱ्याच्या गाडीत जात असतील तर तिथे खरंच भांडायला जागा आहे. काही बागा उपटलेली रोपं लोकांना देऊनही टाकतात. सकाळी लवकर जाऊन माळ्यांशी बोला, दुपारी ते दमलेले असतात.

प्रश्न : बागेतला पॉइन्सेटिया लालभडक आणि माझ्या बाल्कनीतला हिरवागार. खत देऊन झालं, कुंडी बदलून झाली. काय चुकतंय?

खताचा संबंध नाही, दिव्याचा आहे! बाल्कनीत रात्री दिवा लागतो का, किंवा रस्त्यावरचा दिवा थेट कुंडीवर पडतो का ते आधी बघा. पॉइन्सेटियाला रोज साधारण १४ तासांची सलग काळोखी रात्र लागते आणि हे दोन महिने तरी चालू राहावं लागतं, तेव्हा कुठे वरची पानं रंग धरतात. हो, पानंच, त्या पाकळ्या नाहीत. खरी फुलं मधोमध पिवळी बारीक बारीक असतात, त्यांच्याकडे कुणी बघतही नाही बिचाऱ्यांकडे.

हे गणित आधी कळलं ते तंबाखूच्या झाडावरून. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघांकडे 'मेरीलँड मॅमथ' नावाची जात होती, ती उन्हाळाभर नुसती उंच उंच वाढायची पण फुलायचं नावच नाही. खत, पाणी, तापमान सगळ्यावर संशय घेऊन झाला, शेवटी त्यांनी रोपं दिवसातला काही वेळ अंधाऱ्या खोलीत ठेवून दिवस छोटा केला आणि भर उन्हाळ्यात तंबाखू फुलला. १९२० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर या शास्त्रज्ञांनी दाखवलं की अशी झाडं दिवस मोजत नाहीत, रात्र मोजतात, आणि लांब रात्रीच्या मध्येच थोडा वेळ जरी उजेड दाखवला तरी त्यांचा हिशोब बिघडतो.

त्यामुळे रात्री मोठ्या व्हायला लागल्या की रोज संध्याकाळी पाचला कुंडीवर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला आणि सकाळी आठला काढा. दिवसा भरपूर उजेड द्या. मध्येच रात्री टॉर्च घेऊन "रंग आला का" बघायला जाऊ नका. शेवंतीचंही असंच आहे, व्यावसायिक लोक तिच्यावर काळं कापड टाकून फुलं लवकर आणतात आणि रात्री दिवे लावून लांबवतात, त्यामुळे बागेतली शेवंती प्रदर्शनाच्या दिवशीच बरोब्बर कशी फुलली याचं आश्चर्य वाटून घेऊ नका.

प्रश्न : बागेतली झाडं दरवर्षी बोडकी करतात. छाटणीचा योग्य महिना कोणता?

महिना विचारू नका, झाड कुठल्या फांदीवर फुलतं ते विचारा. जास्वंद, बोगनवेल, बहुतेक आधुनिक गुलाब हे नव्या फुटव्यावर फुलतात, त्यामुळे वाढ जोरात सुरू व्हायच्या आधी छाटलं की जास्त फुटवे आणि जास्त फुलं. अझेलिया, कॅमेलिया आणि बरेचसे हायड्रेंजिया यांचं उलटं, ते पुढच्या बहराच्या कळ्या आधीच्या हंगामात तयार करून ठेवतात, म्हणून त्यांना फुलं संपल्या संपल्या छाटायचं. नंतर छाटलं तर तुम्ही कळ्याच कापून टाकताय. "माझा हायड्रेंजिया फुलत नाही" असं सांगणाऱ्या बऱ्याच जणांच्या हातात कात्री चुकीच्या वेळी असते.

मोठ्या झाडांचा मामला वेगळा आणि तिथे मी तुमच्या बाजूने आहे. शेंडा आणि जाड फांद्या मध्येच आडव्या कापून झाडाचा खांब करणं ही छाटणी नाही, मोडतोड आहे. त्यानंतर जे पंधरा-वीस फुटवे झपाट्याने येतात ते बघून लोकांना वाटतं झाड खूश झालं, पण ते फुटवे कडेला वरवर चिकटलेले असतात आणि जाड झाले की वादळात हेच आधी तुटतात. अमेरिकेच्या वनसेवेत काम करणाऱ्या अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून आत काय होतं ते बघितलं होतं आणि १९७० च्या दशकात त्यांनी मांडलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही, झाड सडलेल्या भागाभोवती भिंती घालतं आणि पुढे वाढत राहतं. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे जो फुगीर कंगोरा असतो त्याच्या जरा बाहेर काप घेतला की या भिंती नीट होतात. कंगोऱ्यासकट खोडाला सपाट कापलं तर नाही होत. कापावर रंग किंवा डांबर फासायची जुनी सवयही त्यांच्या कामानंतर मागे पडली, कारण त्याने सड थांबत नाही.

तुमच्या बागेत बघा : काप कंगोऱ्याबाहेर असेल आणि कापाखाली साल लांब सोललेली नसेल तर माळी जाणकार आहे. जाड फांदी तीन कापांत उतरवतात, आधी खोडापासून थोडं लांब खालून अर्धा काप, मग त्याच्या जरा पुढे वरून, फांदी पडली की उरलेला खुंट कंगोऱ्याशी. एकाच कापात उतरवली तर फांदीच्या वजनाने साल फाटत खोडावर येते. आणि घरटी! फांद्यांमध्ये घरटी आहेत का हे छाटणीच्या आधी बघायलाच हवं, ते बघत नसतील तर बागेला जरूर लिहा.

प्रश्न : मुलं ६ आणि ९ वर्षांची. बागेत नेलं की दहा मिनिटांत "घरी चला". पाट्या वाचून दाखवते तर अजूनच कंटाळतात.

पाट्या वाचून मीही कंटाळेन. मुलांना नाव नको असतं, काम हवं असतं. प्रत्येक हंगामात एकच काम द्या, सगळी एका दिवशी नकोत.

पानगळीनंतर किंवा गवत वाळलेलं असताना : बुटावरून जुने लोकरी मोजे चढवायला लावा आणि उंच गवतातून चालवा. मोज्याला काय काय चिकटतं ते घरी भिंगातून बघा, मग तो मोजा ओल्या मातीच्या ट्रेमध्ये आडवा ठेवून पाणी घालत राहा. काही बिया उगवतात, काही नाही, आणि कुठली उगवेल यावर मुलं पैज लावतात. चिकटणाऱ्या बीला आकडे (हुक) असतात हे दिसलं की वेल्क्रोची गोष्ट सांगा : जॉर्ज द मेस्ट्राल नावाच्या स्विस इंजिनियरच्या कुत्र्याच्या केसांत १९४१ मध्ये फिरून आल्यावर असेच काटेरी गोंडे अडकले होते, त्याने ते मायक्रोस्कोपखाली घातले आणि त्यातून पुढे १९५५ साली पेटंट मिळालेली पट्टी निघाली. (मोजे घालायला लावायच्या आधी बाग गवतात जाऊ देते का ते विचारा, काही ठिकाणी मनाई असते. परत आल्यावर पायांना गोचीड वगैरे काही चिकटलंय का तेही बघा.)

पाऊस पडून गेल्यावर : दोरीचा एक मीटर बाय एक मीटर चौकोन जमिनीवर टाका आणि त्याच्या आत जे जे हलतं ते मोजायला सांगा. उचलायचं नाही, फक्त मोजायचं. मोठी मुलगी असेल तर एक चौकोन कापलेल्या लॉनवर आणि एक झाडाखालच्या पाल्यावर टाकून तुलना करायला लावा. लॉन बहुतेक हरतं, आणि का हरतं हा प्रश्न ती स्वतःच विचारते.

कोरड्या दिवसात : पातळ कागद खोडावर धरून मेणाच्या खडूने आडवं घासलं की सालीचा ठसा उठतो. पाच झाडांचे ठसे घ्यायचे आणि मग अदलाबदल करून कुठला ठसा कुठल्या झाडाचा ते शोधायचं, यात अर्धा तास सहज जातो. नऊ वर्षांच्या पोराला झाडाची उंची काढायला शिकवा. हातापासून डोळ्यापर्यंत जेवढं अंतर तेवढी काडी घ्यायची, हात सरळ करून ती उभी धरायची आणि काडीच्या दोन टोकांत झाडाचा बुंधा आणि शेंडा बरोबर बसेपर्यंत मागे मागे जायचं. जिथे बसलं तिथून झाडापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची, पावलांनी मोजा. जमीन सपाट हवी एवढंच.

आणि बाग रात्रीचे कार्यक्रम करत असेल, पांढरी चादर आणि दिवा लावून पतंग (दिव्याकडे येणारे कीटक) बघायचा वगैरे, तर तो चुकवू नका, दिवसा कंटाळणारी मुलंही तिथून हलत नाहीत.

प्रश्न : झाडांखालचा पाला उचलत नाहीत. माळी आळशी आहेत का?

नाहीत. पाला माती झाकतो, ओल धरतो, तण दाबतो, आणि कित्येक कीटकांचे कोष त्यातच हंगाम काढतात. तो कुजून काळं भुसभुशीत खत व्हायला एक-दोन वर्षं लागतात. रस्त्यावरचा, नाल्यातला आणि लॉनवरचा जाड थर मात्र उचलायलाच हवा. घरी करणार असाल तर पाच ते आठ सेंटीमीटरचा थर पुरे आणि तो खोडाला टेकवू नका, साल कायम ओली राहून सडते.

प्रश्न : पाटीवर नावाखाली जो नंबर असतो तो कशाचा? आणि एखादी छोटी फांदी कलमासाठी घेतली तर बिघडलं काय?

दोन्ही प्रश्न एकाच पत्रात आले हे छान झालं, उत्तर एकाच ठिकाणी आहे. वनस्पती उद्यानांत प्रत्येक नव्या आलेल्या रोपाची किंवा बियांची नोंद होते आणि तिला नंबर मिळतो, त्यात बहुतेक वेळा वर्ष असतं. समजा १९९८ ने सुरू होणारा नंबर दिसला तर ते झाड त्या वर्षी उद्यानात आलं, आणि नोंदवहीत ते कुठून आलं, जंगलातून गोळा केलं की दुसऱ्या उद्यानाने पाठवलं, हे लिहिलेलं असतं. नुसत्या शोभेच्या बागेत हे नसतं. इटलीतल्या पाडुआच्या उद्यानाची स्थापना १५४५ ची, औषधी झाडं शिकवण्यासाठी, आणि तिथलं एक पामचं झाड १५८५ साली लावलेलं आहे हे आज ठामपणे सांगता येतं ते नोंदी ठेवल्या म्हणूनच.

आता फांदी. एका फांदीने झाड मरत नाही हे खरं, पण बागेत तुम्ही एकटे नसता, आणि एका झाडाचा रोग दुसऱ्या झाडावर न्यायला न पुसलेली कात्री पुरते. त्यातही काही झाडं अशी असतात की जगात मोजकीच उरलेली. रवांडातल्या एका गरम झऱ्याच्या काठी जगातलं सगळ्यात छोटं कमळ सापडत होतं, पानं जेमतेम सेंटीमीटरभराची. झऱ्याचं पाणी वळवलं गेलं आणि ते तिथून नाहीसं झालं. जर्मनीत थोडी रोपं राखली होती पण बियांपासून वाढवणं कुणाला जमेना, शेवटी २००९ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातल्या कार्लोस मॅग्दालेना यांच्या लक्षात आलं की याला इतर कमळांसारखं खोल पाण्यात ठेवायचं नाही, रोप पाण्याच्या पातळीला आणून हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळू द्यायचा, की वाढतं. एवढ्या खटाटोपानंतर जानेवारी २०१४ मध्ये क्यूच्याच काचघरातून त्यातलं एक रोप कुणीतरी उपटून नेलं.

म्हणून कात्री घरी ठेवा आणि विचारा. बऱ्याच उद्यानांत रोपविक्रीचा किंवा बी-वाटपाचा दिवस असतो, आणि स्वयंसेवक म्हणून आठवड्यातून एक सकाळ दिलीत तर छाटणीनंतरच्या काड्या रीतसर मिळायचीही शक्यता असते. खाली पडलेल्या बिया उचलू का, असंही काही जण विचारतात. तेही विचारूनच.

प्रश्न : निवृत्त झालोय, रोज बागेत चालतो. नुसतं चालण्यापेक्षा काहीतरी उपयोगाचं करता येईल का? शास्त्राचं शिक्षण नाही.

तुमचं पत्र मला या वेळी सगळ्यात आवडलं. तुमच्याकडे जे आहे ते भल्या भल्या संशोधकांकडे नसतं : रोज तीच वाट. चालायच्या रस्त्यावरची तीन झाडं निवडा, दुर्मिळ नकोत, साधीच. एका वहीत तारीख टाकून चारच गोष्टी लिहा. नवी पालवी कधी दिसली, पहिलं फूल कधी उमललं, फळ कधी धरलं, पानगळ कधी सुरू झाली. काही बदललं नाही तर "बदल नाही" असं लिहा, तेही महत्त्वाचं, कारण त्यावरूनच कळतं की तुम्ही त्या दिवशी बघितलं होतं.

याला शिक्षण लागत नाही, चिकाटी लागते. इंग्लंडमध्ये नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ साली अशाच नोंदी सुरू केल्या, पहिलं फूल, पहिली पालवी, पहिल्या कोकिळेचा आवाज, आणि त्याच्या घराण्याने त्या १९५८ पर्यंत चालू ठेवल्या. जपानमध्ये क्योटोच्या चेरीच्या बहराच्या नोंदी तर नवव्या शतकापासूनच्या आहेत, त्या कुणी शास्त्रासाठी ठेवल्या नव्हत्या, दरबारी लोकांनी आणि भिक्षूंनी बहर बघायला गेलो म्हणून डायरीत लिहिलं होतं एवढंच. त्याच डायऱ्या चाळून संशोधकांनी तारखा लावल्या आणि २०२१ मध्ये २६ मार्चला पूर्ण बहर आला तेव्हा तोपर्यंतच्या बाराशे वर्षांत हा सगळ्यात लवकरचा आहे असं सांगता आलं.

मोबाइल वापरत असाल तर २००८ मध्ये सुरू झालेलं आयनॅचरलिस्ट हे मोफत अ‍ॅप आहे, फोटो टाकला की ओळखायला लोक मदत करतात आणि नोंद अभ्यासकांनाही वापरता येते. एकच सांगतो, तिथे बागेत लावलेल्या झाडाचा फोटो टाकताना ते लावलेलं आहे अशी खूण करा, नाहीतर ते झाड त्या भागात रानात आपोआप उगवतं असा घोळ होतो. फुलावरचा भुंगा, खोडावरचं शेवाळ, वाफ्यातलं तण यांना ही अट नाही, ते आपणहून आलेले असतात. वहीसुद्धा ठेवाच, अ‍ॅपमध्ये "बदल नाही" लिहायची सोय नसते.

उरलेले दोन, पटकन

व्हिक्टोरिया कमळ बघायला सकाळी गेलो तर फूल मिटलेलं, असं एकाने लिहिलंय. संध्याकाळी जा, आणि लागोपाठ दोन संध्याकाळी जा. पहिल्या संध्याकाळी फूल पांढरं आणि सुगंधी असतं, त्या वासाने भुंगेरे आत येतात, फूल मिटून त्यांना रात्रभर आत ठेवतं, दुसऱ्या संध्याकाळी उघडतं तेव्हा ते गुलाबी झालेलं असतं आणि पराग अंगावर घेऊन भुंगेरे दुसऱ्या पांढऱ्या फुलाकडे जातात. एकच संध्याकाळ गेलात तर अर्धीच गोष्ट दिसेल.

तळ्यातल्या बदकांना पाव घालू का? नको. पावाने त्यांचं पोट भरतं पण पोषण मिळत नाही, आणि न खाल्लेला पाव पाण्यात कुजून शेवाळ वाढतं, मग वास येतो म्हणून पुन्हा बागेलाच तक्रार! बागेने ठरवून दिलेलं खाद्य असेल तर तेच घाला, तेही मूठभर.